आईला येणारा वास

मी या ग्रुपवर बरीच वर्षं आहे, पण आजपर्यंत फक्त वाचत आले. कुणी लिहितं की बंद खोलीत कुणाचातरी श्वास ऐकू आला, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार येतो तो फ्रीजच्या कॉम्प्रेसरचा. कुणी लिहितं भिंतीतून टकटक आली, की मी म्हणते पाइपात हवा अडकली असेल. वाद घालायचा नाही म्हणून कधी कमेंट केली नाही, एवढंच. तेव्हा सुरुवातीलाच सांगते — माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता. आता आहे का, असं विचाराल तर तेही मला नीट सांगता येणार नाही. जे झालं ते मांडते.

माझं नाव सुजाता. साताऱ्याजवळ गॅस सिलिंडर भरणारी एक कंपनी आहे, तिथे मी सेफ्टीचं काम बघते. ऑक्सिजन, नायट्रोजन, आर्गॉन... वेल्डिंगवाल्यांपासून हॉस्पिटलपर्यंत सगळ्यांना लागतात ते. लोक मला नेहमी एकच प्रश्न विचारतात, "मॅडम, गॅस एक्स्पायर होतो का हो?" कोरोनात घाबरून घेतलेले सिलिंडर अजून कितीतरी जणांच्या घरी पलंगाखाली पडून आहेत ना, त्यामुळे. मी सांगते की ऑक्सिजन नासत नाही, पण ज्या लोखंडात तो कोंडलाय ते लोखंड म्हातारं होतं. सिलिंडरच्या खांद्यावर तपासणीची तारीख ठोकलेली असते, ती उलटून गेली की तो वापरायचा नाही. उभा ठेवायचा, साखळीने बांधायचा, डोक्यावर टोपी, खाली कोरडी जमीन, वर सावली, आजूबाजूला वारा. हे मी इतक्या वेळा बोलले आहे की झोपेतही म्हणेन. आणि गळती आहे की नाही हे माझ्या लेखी मीटर ठरवतो. माणसाचं नाक नाही. नाक फसवतं.

माझं माहेर तासगावच्या पुढे, बेदाण्याच्या पट्ट्यात. गावाचं नाव देत नाही. आम्ही जैन, शेतीवाले. दादाची — माझ्या थोरल्या भावाची — द्राक्षबाग आहे आणि बागेला लागूनच बेदाण्याचं शेड. आई त्याच्याकडेच असते. आमच्या घरात अंगारे-धुपारे, बाहेरचं-बिहेरचं असलं काही कधीच नव्हतं. आई सकाळी देवळात जाऊन येते, दिवस मावळायच्या आत जेवते आणि उरलेला वेळ शेडवरच्या बायकांशी गप्पा मारते. साधी बाई आहे.

तर कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आईचा वास गेला. म्हणजे नाकाला वास येणंच बंद झालं. तेव्हा खूप जणांचा गेला होता, पण बाकीच्यांचा महिना-दोन महिन्यांत परत आला. आईचा आलाच नाही. दूध करपून भांडं काळं व्हायचं आणि ती शेजारी बसून तांदूळ निवडत असायची. एकदा तर शेगडीचं बटण अर्धवट राहिलं होतं... वहिनी आंघोळ करून बाहेर आली तर घरभर गॅस, आणि आई स्वयंपाकघरात शांतपणे गवार मोडत बसलेली! त्यानंतर वहिनीने आईला शेगडीला हात लावू दिला नाही. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की वासाची नस दुखावली आहे, येईल तर येईल, नाहीतर नाही. आईने ते मान्य करून टाकलं. हिंगाच्या फोडणीचा वास येत नाही, एवढंच अधूनमधून म्हणायची.

मागच्या मार्चमधली गोष्ट. मी कामावर निघाले होते आणि आईचा फोन आला.

"सुजा, मला वास यायला लागलाय गं!"

मला इतका आनंद झाला की मी गाडी बाजूला घेतली. "खरंच? कसला गं?"

"त्या टीसीएल पावडरीचा. पाणी साफ कराया हिरीत टाकत्यात बघ, त्येचा. लय उग्र. शेडच्या मागं गेलं की नाकात जातोय."

"आणि बाकीचे? चहाचा, उदबत्तीचा?"

"न्हाई. त्यो एकच."

मला माहीत होतं की हरवलेला वास परत येताना आधी वेडावाकडा येतो. कुणाला फुलाला जळका वास येतो, कुणाला चहाला औषधाचा. मी आईला सांगितलं की काळजी करू नकोस, ही चांगली खूण आहे. पुढचे काही दिवस फोनवर तेच. वास एकच, जागा एकच. घरात नाही, बागेत नाही, देवळात नाही. फक्त शेडच्या मागे.

वहिनीने साधं उत्तर काढलं. बेदाण्याला रंग यावा म्हणून बंद खोलीत गंधकाची धुरी देतात, तिचा वास सगळ्या शिवारात भरलेला असतो. आईला तोच येत असणार. पण वहिनी हुशार आहे. तिने आईला धुरीच्या खोलीच्या दाराशी नेऊन उभं केलं. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, घसा खवखवला, पण वास? "न्हाई येत," आई म्हणाली. मग वहिनीने हिंगाची डबी धरली, कापूर धरला. काहीच नाही. आणि शेडच्या मागच्या बाजूला नेलं की आई लगेच पदर नाकाला लावायची.

वहिनीने मला हळू आवाजात फोन केला. "ताई, तुम्ही एकदा येऊन जा. मला जरा कसंतरीच वाटायला लागलंय."

रविवारी गेले. दुपारची वेळ होती. शेडमध्ये आणि शेडच्या मागे बायका बेदाणा निवडत बसल्या होत्या. मागे एक जुनी दगडी खोली आहे, पूर्वीच्या पाणीपुरवठ्याची. नवी योजना आली आणि ती बंद पडली. दाराला कुलूप, खिडकी विटांनी बुजवलेली. उन्हं पश्चिमेला कलली की त्या खोलीची सावली शेडच्या अंगणात पडते, म्हणून बायका नेमक्या तिच्या भिंतीला पाठ लावून बसतात. त्यांच्यात शालन म्हणून एक आहे, आईची खास मैत्रीण, तिला आक्का म्हणते. अंगापिंडाने दणकट, बोलायला मोकळी.

"या ताई," शालन म्हणाली. "आक्का आमाला हितं बसू दीनात बघा. रोज कटकट. आमाला तर कायबी वास येत न्हाई."

मलाही येत नव्हता. मी भिंतीच्या कडेकडेने चालत गेले, वाकून बघितलं. माती, बेदाणा, लांबून येणारा गंधकाचा वास. बास.

आई माझ्या मागून आली. तिने काही शोधलं नाही, हुंगलं नाही. सरळ गेली आणि भिंतीच्या खालच्या अंगाला, अगदी जमिनीलगत, वाकून तळवा टेकवला. "हितनं येतोय."

तिचा चेहरा मी विसरणार नाही. कुणी चुलीजवळ फार वेळ बसल्यावर होतो तसा — ओढलेला, डोळे बारीक केलेले.

मी दादाला विचारलं, "या खोलीत काय आहे?"

"काय न्हाई. जुनं पाइप, मोटारीचा सांगाडा. भंगार हाय सगळं."

"उघडून बघूया."

"आगं, ग्रामपंचायतीचं कुलूप हाय ते."

पण तो गेला आणि किल्ली घेऊन आला. कुलूप गंजून घट्ट बसलं होतं, दादाने दगडाने ठोकून काढलं. दार आत ढकललं. छपराचा पत्रा एका बाजूने उडालेला, त्यातून उजेडाची तिरीप येत होती. आत गेल्या कित्येक पावसाळ्यांचं पाणी मुरून चिखल झालेला आणि वाळलेला. पाइप होते, मोटारीचा सांगाडा होता... आणि शेडच्या बाजूच्या भिंतीला लागून, आडवा पडलेला, अर्धा मातीत रुतलेला एक पिवळा सिलिंडर.

मी दादाला दारातच थांबवलं. पिवळा म्हणजे क्लोरीन. पाणी शुद्ध करायला वापरतात तो. आतमध्ये दाबाखाली द्रव असतो आणि बाहेर आला की त्याचा गॅस होऊन कित्येक पट पसरतो. हवेपेक्षा जड, त्यामुळे वर जात नाही, जमिनीलगत सरपटतो. कोरडा असताना लोखंडाला फारसं काही करत नाही, पण ओल मिळाली की आम्ल तयार होतं आणि ते लोखंड खातं. आणि हा सिलिंडर ओल्या मातीत पडून होता... किती वर्षं, कुणालाच माहीत नव्हतं. व्हॉल्व्हवर टोपी नाही. खांद्यावरची तारीख गंजाखाली गेलेली. साठवणुकीचे जेवढे नियम मी आयुष्यभर घोकले, तेवढे सगळे त्या एका खोलीत मोडलेले होते.

मी दार ओढून घेतलं आणि सगळ्यांना तिथून उठवलं. मग एका केमिकल कारखान्याच्या इमर्जन्सी टीममधले इनामदार सर माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना फोन केला. क्लोरीनमध्ये त्यांचा हात कुणी धरणार नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी टीम घेऊन आले. तोंडाला मास्क, पाठीवर हवेचं नळकांडं. मी दारातून बघत होते.

क्लोरीनची गळती शोधायची एक जुनी, भरवशाची पद्धत आहे. काठीला कापूस बांधायचा, तो अमोनियात बुडवायचा आणि सिलिंडरभोवती फिरवायचा. जरासा जरी क्लोरीन असेल तर दाट पांढरा धूर उठतो. लपत नाही. इनामदार सरांनी काठी व्हॉल्व्हपाशी फिरवली, सांध्यांपाशी फिरवली, मग मातीतून जेवढी घालता आली तेवढी खालीही घातली. धूर नाही. मीटर लावला. शून्य. मी माझा मीटर नेला होता, तोही शून्य.

ते बाहेर आले, मास्क काढला. "भरलेला आहे. बऱ्यापैकी. पण गळती अजिबात नाही."

"नक्की?"

"तुमच्या डोळ्यांसमोरच तपासलं ना मॅडम. आता त्याला धक्का लावू नका. उचलायला खास गाडी लागेल, परवानग्या लागतील. आठवडाभरात नेऊ. तोवर खोली बंद ठेवा आणि माणसं लांब बसवा."

आई कडेला उभी होती. ती म्हणाली, "पण वास येतोय की साहेब."

इनामदार सर हसले, वाईट हसले नाहीत. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "जुनी टाकी बघितली की सगळ्यांनाच येतो." त्यांना आईच्या नाकाची गोष्ट माहीत नव्हती. आणि मीही सांगितली नाही. काय सांगणार होते? की ज्या बाईला स्वयंपाकघरात भरलेला गॅस कळत नाही, तिला तुमच्या मीटरला न कळणारा क्लोरीन कळतोय?

पण मनात एक गोष्ट राहिली. सिलिंडर तिथे आहे हे तिला कसं कळलं? मी स्वतःला समजावलं... कधीतरी जुनी योजना चालू असताना तिने बघितला असेल, विसरून गेली असेल, आणि आता मेंदू खेळ करतोय. तिला विचारलं. म्हणाली, "त्या खोलीत मी कवाच गेले न्हाई. पाणीवाला कुणाला जाऊ देत न्हवता."

खोलीला नवं कुलूप लागलं. बायकांना शेडच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. मी साताऱ्याला परत आले.

त्यानंतरचे दिवस मी नीट झोपले नाही. कामावर असताना फोन वाजला की दचकायचे. रोज सकाळी आईला विचारायचे, आणि रोज तेच उत्तर, फक्त आवाज जरा जास्त थकलेला. "वाढलाय." "लय वाढलाय." "आता पार घराच्या उंबऱ्यापतूर येतोय गं." मी इनामदार सरांना फोन करत राहिले. त्यांनी मधे एकदा माणूस पाठवून परत तपासून घेतलं. धूर नाही, मीटर शून्य. परवानगीचा कागद वाटेत होता.

मग तो दिवस. सकाळीच दादाचा फोन, आवाज चढलेला.

"सुजे, तू सांग हिला! शेडच्या दारात आडवी बसलीया. बायकास्नी आत जाऊ दीना. माल पडलाय, दिवसभर ऊन हाय, आन् हिचं हे नाटक!"

मागून आईचा आवाज येत होता, रडका. मी आईला कधी रडताना ऐकलं नव्हतं. बाबा गेले तेव्हाही ती गप्प होती.

"आईला फोन दे."

"सुजा..." तिला धाप लागली होती. "मला श्वास घेववत न्हाई गं हितं. या पोरी आत जात्याल. तू तरी ऐक."

खरं सांगते, त्या क्षणी मी दादाच्या बाजूची होते. दोनदा तपासणी झाली होती. माझं सगळं शिक्षण, सगळी नोकरी ज्या मीटरवर उभी, तो शून्य सांगत होता. मला वाटलं आईला मानसोपचाराची गरज आहे. तिला प्रेमाने समजवायला मी तोंड उघडलं... आणि बाहेर दुसरंच आलं.

"दादा, आजचा दिवस काम बंद ठेव. सगळ्यांना घेऊन वरच्या माळावर जा. पश्चिमेला, वारा येतो त्या बाजूला. माझ्यासाठी कर."

"तू पण येडी झालीस व्हय?"

"व्हय, झाले. पण जा."

मी रजा टाकली आणि गाडी काढली. कऱ्हाडपर्यंत कशी आले मला आठवत नाही. दादा स्वतः माळावर गेला नाही, रागाने शेडमध्ये खाटेवर बसून राहिला, हे मला नंतर कळलं. आई, वहिनी, शालन आणि बाकीच्या बायका वर गेल्या, लिंबाच्या झाडाखाली बसल्या. कुणी हसत होतं, कुणी वैतागलं होतं.

विट्याच्या अलीकडे वहिनीचा फोन आला. मी गाडी कडेला घेतली.

"ताई... खोलीच्या दाराखालनं पिवळा-हिरवा धूर येतोय... जमिनीवरनं चाललाय... शेडात शिरतोय..."

"दादा कुठंय?"

"पळत येतायत वर... खोकतायत... आवं, पडले की!"

"तोंडाला ओला कपडा लावा सगळ्यांनी. पाण्याच्या बाटल्या आहेत ना? खाली कुणी जायचं नाही. त्या धुरावर पाणी मारायचं नाही. अजून वर जा, अजून वर!" मी काय काय ओरडत होते मला माहीत नाही. रस्त्याने जाणारा एक ट्रॅक्टरवाला थांबून बघायला लागला.

फोन चालूच होता. मला सगळं ऐकू येत होतं. दादाचा खोकला, कुणाचं तरी रडणं. मधेच वारा पडला असावा, कारण बायका ओरडायला लागल्या, "आला, वास आला... टीसीएलचा... नाक झाका गं!" म्हणजे आता तो वास सगळ्यांना येत होता. माळावर, इतक्या लांब.

आणि त्या गोंधळात मला आईचा आवाज ऐकू आला. स्वच्छ, शांत. कितीतरी दिवसांनी मोकळा झालेला.

"आता कशाला तोंडं झाकताय? गेला की वास. आता कायबी न्हाई. चला खाली, कामाला लागा."



"वहिनी! आईला धरा! आईला धरा!"

फोनमध्ये पळापळ, शालनचा आवाज — "आवं आक्का, कुठं चालला? थांबा... आवं थांबा म्हणते न्हवं!" — मग झटापट झाल्यासारखं, आणि आईचा चिडलेला आवाज, "सोड की! वास गेलाय म्हणते मी!"

ती उतारावरून चालत निघाली होती. सरळ शेडच्या दिशेने. शालनने मागून कमरेला मिठी मारून तिला पाडलं, आणि दोघी तशाच गवतात बसल्या. खाली तो पिवळा थर शेडच्या अंगणातून, बायका रोज बसायच्या त्या जागेवरून सरकत बागेत उतरला, तिथून ओढ्याकडे. इनामदार सरांची टीम यायला वेळ लागला. त्यांनी खड्डा करून क्लोरीन शोषून घेणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तो सिलिंडर बुडवला, तेव्हा कुठे थांबलं.

मी पोचले तेव्हा दादाला सांगलीला हलवलं होतं. काही दिवस ऑक्सिजनवर राहून तो घरी आला. अजूनही जिना चढताना थांबतो, पण बरा आहे. बाकी कुणालाही काही झालं नाही. ओढ्याकडच्या बाजूच्या द्राक्षवेलींची पानं मात्र उकळत्या पाण्यात घातल्यासारखी झाली होती, पांढरट. शेडमध्ये निवडायला ठेवलेल्या बेदाण्याजवळ बायकांची बसायची पोती तशीच अंथरलेली होती. त्या दिवशी काम चालू असतं तर... या वाक्याच्या पुढे मी कधी जात नाही.

नंतर इनामदार सरांनी मला तो सिलिंडर दाखवला. मातीत रुतलेल्या बाजूला, तळाजवळ, लोखंड कागदासारखं झालं होतं आणि तिथेच फाटलं होतं. मी खोलीत जाऊन बघितलं. सिलिंडरचा तो भाग भिंतीला ज्या ठिकाणी टेकला होता, बाहेरच्या बाजूने तिथेच आईने तळवा ठेवला होता. मी सरांना तेव्हा सगळं सांगितलं, नाकाचंही.

"मॅडम, बारीक गळती आधीपासून असती तर अमोनियाने दाखवलीच असती," ते म्हणाले. "आणि ओलीत क्लोरीनची बारीक गळती बारीक राहत नाही, भोक वाढत जातं. आम्ही तपासलं त्या दिवशी सिलिंडरचा पत्रा शाबूत होता. पातळ, पण शाबूत. मी हे कुठेही लिहून द्यायला तयार आहे."

आईला पुन्हा सांगलीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांचं म्हणणं असं, की उग्र वायू वासाच्या नसेने नाही तर चेहऱ्याच्या वेगळ्या नसेने कळतात, टोचल्यासारखे, झोंबल्यासारखे. ती नस आईची चांगली असू शकते. मला हायसं वाटलं होतं... गाडीत बसेपर्यंत. कारण ती नस आम्हा सगळ्यांनाच आहे. शालनला आहे, मला आहे. आणि गळती नव्हती तेव्हा जे आईला झोंबत होतं, ते खरोखरची गळती सुरू झाल्यावर, बाकी सगळे गुदमरत असताना, तिला का झोंबलं नाही? नेमकं त्याच वेळी का थांबलं?

यानंतर आईला कुठलाही वास आलेला नाही. क्लोरीनचा नाही, हिंगाचा नाही, कशाचाच नाही. गावात दोन-चार जण तिच्याकडे येऊन गेले, आमच्या विहिरीजवळ उभं राहून बघा, आमच्या गोडाऊनमध्ये या म्हणून. तिने सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं. ती या गोष्टीबद्दल फारसं बोलत नाही, आणि तिला यात काही विशेष झालं असंही वाटत नाही.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. मी शोधलं, वाचलं, ज्यांना विचारायचं त्यांना विचारलं. इथे कुणी डॉक्टर असतील, गॅसमधले असतील, तर त्यांनी जरूर सांगावं. मला भूत-खेत म्हणायचं नाही, आणि योगायोग म्हणायलाही जीभ वळत नाही.

मागच्या महिन्यात माहेरी गेले होते तेव्हा आईला शेवटचं विचारून घ्यायचं ठरवलं. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. म्हटलं, "आई, खरं सांग, तुला नेमकं कसं कळलं?"

तिने हातातली शेंग खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. जरा रागातच.

"मला वास आला, म्हणून मी सांगितलं. त्यात कसलं नवल? तुमी येवढी नाकवाली माणसं... मशीनं लावून बसला... येवढा उग्र वास, डोळ्यातनं पाणी काढणारा. तुमा कुणालाच कसा न्हाई आला गं?"